बाबांच्या डाव्या हाताचा एडिटर

मी फुशारकी मारते असं माझा नवरा म्हणतो. मारते. कुळगावात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि पाटीवर माझंच नाव आहे. तरी अजून कोणी ना कोणी येऊन विचारतं, "मॅडम, मेकॅनिक कधी येणार?" स्क्रू ड्रायव्हर घेते आणि समोरच्याचा लॅपटॉप त्याच्या डोळ्यांदेखत उघडते. पुढच्या वेळी तो माणूस मलाच शोधत येतो. तर फुशारकी मारायला माझ्याकडे बरंच काही आहे, पण त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट दुकानातली नाही. ती अंबरनाथला माझ्या माहेरी, बाबांच्या पलंगाजवळच्या टेबलावर आहे.

बाबा अंबरनाथला कारखान्यात टर्नर होते. लेथवर, लोखंड कातायच्या यंत्रावर, उभं राहून आयुष्य गेलं. बोलणं मोजकं, पण जे बोलायचे ते ठाम. गेल्या वर्षी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं की यांना सगळं समजतंय, शब्द डोक्यात आहेत, फक्त जीभ वळत नाही. हे वाक्य आम्ही सगळ्यांनी ऐकलं. पण माणूस महिनोन् महिने बोलला नाही की ऐकलेलं वाक्य झिजायला लागतं. पाहुणे बाबांच्या समोर बसून आईला विचारायचे, "हे जेवतात का नीट?" बाबांचे डोळे तेव्हा असे व्हायचे की मला उठून त्या पाहुण्यांना दार दाखवावंसं वाटायचं.

डावा हात चालायचा, पण थरथरायचा. पेन दिलं तर कागदावर नुसते फराटे. मोबाईलच्या काचेवर बोट टेकवलं की एका अक्षराच्या जागी तीन उमटायची. एकदा वैतागून त्यांनी मोबाईल गादीवर आपटला आणि तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर कोणी तो विषय काढला नाही.

त्यातच घराची गोष्ट निघाली. आमची बैठी चाळ, दोन खोल्या, पुढे ओटा. माझ्या मोठ्या भावाने सोनिवलीला नव्या कॉम्प्लेक्समध्ये फ्लॅट घेतला होता. त्याच्याच बिल्डिंगमध्ये, बऱ्याच वरच्या मजल्यावर, आणखी एक फ्लॅट मिळत होता. अंबरनाथचं घर विकायचं, तो घ्यायचा आणि आई-बाबांना जवळ आणायचं, असा दादाचा बेत. त्याचा हेतू वाईट नव्हता. अंबरनाथला रोज येणं-जाणं करून तो थकला होता आणि आईलाही एकटीने बाबांना उठवणं जड जात होतं. आई म्हणायची, तुम्ही ठरवाल तसं. आईने आयुष्यात स्वतःसाठी वेगळं काही मागितल्याचं मला आठवत नाही. घर बाबांच्या नावावर, तेव्हा दादाने त्यांनाही विचारलं. बाबांनी मान हलवली. नाही. दादाने पुन्हा समजावलं, बाबांनी पुन्हा नाही. का नाही, ते त्यांना सांगता येईना. दादा बाहेर ओट्यावर येऊन मला हळूच म्हणाला, "त्यांना काय चाललंय ते कळत नाही गं आता."

हे माझ्या डोक्यात गेलं. जो माणूस लोखंडाच्या नळीवर नुसतं बोट फिरवून ती किती खरवडायची राहिली ते सांगायचा, त्याला कळत नाही? मी दादाला म्हटलं, सही-अंगठ्याचं काही करायच्या आधी मला थोडा वेळ दे. त्याने दिला. गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात टोकन द्यायला येणार होतं, तोपर्यंतचा.

बाबांना कळ हवी होती. दाबली की बोटाला दाबल्याचं कळेल अशी, जड, लेथच्या दांड्यासारखी. तसा कीबोर्ड मला उल्हासनगरच्या भंगारात मिळाला. जुना, पिवळा पडलेला, वजनाला विटेएवढा. त्याची पिन गोल, म्हणजे तो लागणार जुन्याच मशीनला. जुनं मशीन माझ्या दुकानात होतंच. त्याच्यावर आजचं काही चालत नाही, म्हणून मी विंडोजच्या जागी लिनक्स नावाची एक हलकी, फुकट मिळणारी सिस्टिम टाकली. राहिला एडिटर, म्हणजे ज्यात लिहायचं ते. मला जो हवा होता त्यात प्रत्येक कळेला आपण सांगू ते काम देता येतं. पण इतक्या जुन्या मशीनवरच्या त्या लिनक्ससाठी तो तयार मिळत नव्हता. त्याचा सोर्स, म्हणजे तो ज्यातून तयार होतो ते मूळ लिखाण, मात्र सगळ्यांना खुला आहे. उल्हासनगरात जीन्स तयारही मिळते आणि मापाने शिवूनही मिळते. मी शिवायला घेतली.

सोर्स मशीनच्या मापाचा करायचा तर आधी एक छोटा प्रोग्राम चालवावा लागतो. तो मशीनची झडती घेतो. हे आहे का, ते आहे का, एकेक ओळ आणि पुढे हो किंवा नाही. चित्रं दाखवणारं आहे का, हो. आवाज, नाही. आपणही त्याला आधीच सांगू शकतो की अमुक असलं तरी घेऊ नकोस. दुपारी बाजार झोपलेला असतो तेव्हा मी शटर अर्धं ओढून ते करत बसायचे. बाबांसाठी मी सोर्समध्येही हात घातला. थरथरीमुळे एकच कळ पाठोपाठ दोनदा-तीनदा दाबली जायची, तर तेवढ्या झटक्यात आलेली तीच कळ दुसऱ्यांदा मोजायची नाही, असं लिहिलं. मराठीत एकच कळ लागोपाठ दोनदा फारशी लागत नाही, मध्ये काना-मात्रा येतेच. ननंद लिहायची झाली तर दमाने लिहावी लागेल, पण वहिनीसमोर मी स्वतःच ननंद आहे, तेव्हा ते योग्यच आहे. मग नेहमी लागणारी अक्षरं मी डाव्या हाताच्या आवाक्यात आणून ठेवली आणि प्रत्येक कळेवर मोठ्ठं अक्षर चिकटवलं.

मशीन इतकं हळू होतं की सगळं जुळून यायला अख्खी दुपार गेली. पंखा असा घरघरत होता की शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून गेला. शेवटची ओळ आली आणि एडिटर उघडला. मी आमच्या धंद्यात सगळे करतात तेच केलं. डाव्या हाताची चार इंग्रजी अक्षरं दाबून पाहिली. कळा लागत होत्या, थरथर गिळली जात होती. मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही, पण झेरॉक्सवाल्याला चहा पाजला.

रविवारी मी ते सगळं रिक्षात घालून अंबरनाथला नेलं. बाबांनी आधी कीबोर्ड उचलून पाहिला. वजन त्यांना पटलेलं दिसलं. मग एक कळ दाबली, सोडली, पुन्हा दाबली. मग ते लिहायला लागले. मान कीबोर्डवर, एक बोट, सावकाश. अक्षर शोधायचं, दाबायचं, पुढचं शोधायचं. स्क्रीनकडे ते बघतच नव्हते, त्यांचं सगळं लक्ष हातावर. कामावर असलेल्या बाबांना मी लहानपणी डबा द्यायला गेटवर गेले तेवढंच पाहिलेलं. आत ते असेच उभे राहत असणार. मी आणि आई स्वयंपाकघरात गेलो, त्यांना मोकळं वाटावं म्हणून.

तेवढ्यात दादा आला. आत येऊन त्याने स्क्रीनकडे पाहिलं आणि मला हाक मारली. मी येऊन पाहिलं. स्क्रीनभर कचरा होता. वेलांट्या भलतीकडे, काने नुसते उभे, उकार सुटून वेगळ्या ठिपक्यांच्या वर्तुळाला लोंबकळत होते, जोडाक्षरं फुटून पडली होती. बाबांनीही तेव्हा वर पाहिलं. स्क्रीनवर काय झालंय ते त्यांना दिसलं, आणि त्यांनी कीबोर्ड हाताने दूर सरकवला. त्यांचा चेहरा मला बघवेना.

दादा रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, "राहू दे. तू खूप केलंस. पण बघ ना, काय लिहिलंय हे. आपणच मान्य करत नाही आहोत." आईने पदर तोंडाला लावला.

खरं सांगते, क्षणभर मीही मान्य केलं. मग मी पुन्हा त्या कचऱ्याकडे पाहिलं, कारण मशीनने काहीही थुंकलं तरी ते दोनदा वाचायची मला सवय आहे. पहिलाच शब्द होता 'घर'. स्वच्छ, अखंड. थोडं पुढे 'तर'. आणखी पुढे 'वर', 'बघत'. बाकी सगळं मोडलेलं आणि हे शब्द तेवढे धडधाकट. ज्या शब्दांना काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, तेच शब्द. डोकं बिघडलेला माणूस असा निवडून निवडून बिघडत नाही.

बाबांनी काही चुकवलं नव्हतं. चुकवलं होतं मी, आणि का चुकवलं तेही मला लगेच कळलं. मी काम शिकले उल्हासनगरला, एका सिंधी शेठच्या दुकानात. तिथे जुन्या मशीनी हलक्या करून विकायच्या. शेठ म्हणायचा, "जो काम का नहीं, वो वजन है. निकाल." चित्रं, आवाज, शोभेचं काय काय, सगळं काढायचं, मशीन पळायला लागतं. त्या सवयीने मी एडिटरलाही सांगत गेले होते, हे नको, ते नको. त्यात अक्षरं एकमेकांना जोडणारा तुकडाही मी नको म्हणून टाकला. इंग्रजीला तो लागत नाही. मराठीचं त्याच्याशिवाय पान हलत नाही. आणि मी तपासलं होतं इंग्रजीत. उल्हासनगरात शिकलेला दुसरा कोणीही हेच करून बसला असता, पण तेव्हा मला त्याचा काही आधार वाटला नाही.

मी बाबांच्या समोर बसले आणि त्यांच्याच कारखान्याच्या भाषेत म्हटलं, "बाबा, तुम्ही बरोबर लिहिलंय. माझा जॉब रिजेक्ट झालाय. मी तो परत करून आणते." त्यांनी डाव्या हाताने कीबोर्ड पुन्हा जवळ ओढून घेतला, जसा काही तो मी नेणार होते. दादाला मी सांगितलं की त्यांनी लिहिलेलं मी जपून ठेवलंय, त्यातलं एकही अक्षर मी बदलणार नाही, आणि पुढच्या रविवारी तू इथे हवास. तो नुसतं हं म्हणाला.

मशीन दुकानात आणलं, कीबोर्ड अंबरनाथलाच राहिला. जोडणारा तुकडा मिळवला, तो या जुन्या मशीनला मानवेल असा करून घेतला आणि पुन्हा झडती सुरू केली. ओळीमागून ओळ सरकत होती. ती एक ओळ आली आणि तिच्यापुढे हो उमटलं, तेव्हा मी त्या स्क्रीनवर हात ठेवला. माझ्या हाताखालून आजवर शेकडो मशीनी गेल्या असतील, पण एका शब्दासाठी इतकी वाट मी कधी पाहिली नव्हती. सगळं जुळून आल्यावर या वेळी मी मराठीत तपासलं. अवघडातली अवघड जोडाक्षरं घातली. सगळी जागच्या जागी बसली. बाबांनी लिहिलेलं मात्र मी उघडलं नाही. हात शिवशिवत होते, पण ते दादाच्या आधी वाचायचं नाही असं मी ठरवलं होतं.

रविवारी दादा आला, वहिनीलाही घेऊन आला. मी मशीन लावलं, कीबोर्ड जोडला आणि बाबांनी त्या दिवशी लिहिलेलं तसंच उघडलं. एका अक्षराला हात न लावता. मोठ्या ठळक अक्षरांत ते समोर उभं राहिलं. दादाने वाचायला सुरुवात केली, मोठ्याने, आणि मधेच त्याचा आवाज खाली गेला.

"घर विकू नका. मी तर मुका झालो. तुझ्या आईशी बोलणारी सगळी माणसं या चाळीत आहेत. तिथे वर ती दिवसभर माझ्याकडे बघत बसेल."

बाहेर ओट्यावर शेजारची काकू नेहमीप्रमाणे आईला हाका मारत होती, कोथिंबीर हवी का म्हणून. आई उठली नाही. तिने बाबांच्या निकामी उजव्या हातावर आपला हात ठेवला होता आणि ती त्या स्क्रीनकडे बघत होती. आम्ही सगळे घराचं बोलत होतो, दवाखान्याचं, लिफ्टचं. आईचा दिवस तिथे कसा जाईल हा विचार एकाच माणसाने केला होता, आणि त्यालाच काही कळत नाही असं आम्ही म्हणत होतो. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त अभिमान वाटला. बाबांचा वाटला, आणि लपवत नाही, माझाही वाटला. ती अक्षरं मी जोडली होती.

बाबांनी स्क्रीन वाचली. या वेळी नीट वाचली, वरपासून खालपर्यंत, माल तपासणाऱ्याच्या नजरेने. मग माझ्याकडे बघून एकदा मान हलवली.

दादाने खुर्ची ओढली आणि बाबांच्या अगदी समोर बसला. झटका आल्यापासून तो त्यांच्याशी उभ्यानेच बोलायचा. "बाबा," तो म्हणाला, "इथेच राहायचं तर आईला मदतीला कोणाला ठेवायचं? तुम्ही सांगा."

बाबांचं बोट कीबोर्डवर गेलं आणि पहिली कळ शोधायला लागलं. ते थरथरलं, चुकलं, मागे आलं. आम्ही चौघं बसून होतो आणि कोणालाही घाई नव्हती.