दहापर्यंत

आई पहिल्यांदाच मी नोकरी करते त्या कॉलेजच्या ग्रंथालयात आली, आणि नेमका त्याच दिवशी माझ्या संगणकाचा पडदा अंधुक झाला होता. मोतीबिंदू काढलेल्या तिच्या डोळ्यांना काही दिसेना. "दिवसभर काय करतीस, ते तरी बघू दे की गं," ती म्हणाली. संध्याकाळच्या एसटीनं ती गावी परतणार होती.

उजेड वाढवायला मी मॉनिटरखालचं बटण दाबलं, तर पडद्यावर कुलपाचं चित्र आलं. शेजारच्या टेबलावरचे शिंदे सर म्हणाले, "बटणं लॉक झालीत, मॅडम. मेनूचं बटण दाबून धरा. दहा म्हणेपर्यंत सोडू नका."

मी चारलाच बोट उचललं. पुन्हा धरलं, पुन्हा उचललं. आमच्या शाळेत एकच संगणक होता, चादरीखाली झाकलेला. चपला बाहेर काढून आम्ही रांगेनं आत जायचो. "हात लावला की लगेच उचलायचा," गुरुजी बजावायचे. त्यांच्यामुळेच मी इथवर आले. पण त्यांनी दिलेल्या विद्येबरोबर ती धास्तीही बोटांत राहून गेली असावी.

"सरक," आई म्हणाली. तिनं अंगठा बटणावर ठेवला आणि धान्य मापताना म्हणते तसं एकाऐवजी 'लाभ' म्हणून मोजायला लागली. "लाभ, दोन, तीन..." दहाला कुलूप गेलं. मी उजेड वाढवला.

"यात तुझं नाव कुठंय?"

तिला वाचता येत नाही. मी वरच्या कोपऱ्यात दाखवलं. तिनं त्यावर बोट टेकवलं आणि तसंच ठेवलं. काचेवर ठसा उमटत होता. मी तिला बोट उचल म्हटलं नाही.