पुरलेल्या ग्रंथाची फिर्याद

ती घटना विसरता येईल म्हणून निवृत्तीनंतर मी अकोला सोडून अमरावतीला राहायला आलो. उपयोग झाला नाही.

साठच्या दशकाची सुरुवात होती. अकोल्यात मी फौजदार होतो. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका ज्यू गार्डच्या मुलाने फिर्याद दिली. पेटीतला जुना हिब्रू प्रार्थनाग्रंथ नाहीसा झाला होता. तो एकेकाळी त्यांच्या एका थोर रब्बीचा, म्हणजे धर्मगुरूचा होता. कुटुंब महिन्याभरात इस्राएलला जाणार होते आणि मुलाला ग्रंथ सोबत न्यायचा होता.

"वडिलांना काही विचारू नका," तो म्हणाला. "त्यांचं हृदय अधू आहे. ग्रंथ गेल्याचं त्यांना कळू दिलेलं नाही."

मी मान्य केले.

दुसऱ्या दिवशी खबऱ्याने बातमी आणली. त्या घरचा माळी भरदुपारी कुदळ आणि पांढऱ्या कापडातले गाठोडे घेऊन गावाबाहेर जाताना दिसला होता. माळी पन्नाशीचा, काही वर्षांपूर्वी बौद्ध झालेला. त्याला ठाण्यात आणले. डायरीत नोंद न करता दोन दिवस ठेवले.

"काहून बे, पुस्तक कुठी हाये?" हवालदाराने विचारले.

"जागेवर हाये. मी चोरलं नाई."

"मंग सांग ना जागा!"

"नाई सांगता येत, जमादार. जबान देल्ली हाये."

"मोठा हरिश्चंद्र लागून गेला!"

मी रूळ मागवला. हवालदाराला सांगितले नाही, मीच मारले. उजव्या हाताची दोन बोटे मोडली. तो ओरडला, पण जागा सांगितली नाही.

तिसऱ्या दिवशी म्हातारे गार्ड टांग्याने ठाण्यात आले. माळी कामावर येईना म्हणून त्याच्या घरी गेले, तेव्हा त्यांना सगळे कळले होते.

"साहेब, ग्रंथ मीच पुरायला दिला. पानं गळत होती. देवाचं नाव असलेलं जीर्ण पुस्तक आम्ही फेकत नाही, माणसासारखं पुरतो. पोरानं ऐकलं नसतं, म्हणून याला गुपचूप सांगितलं." मग त्यांनी माळ्याचा हात पाहिला. "अरे, सांगून टाकायचं होतंस!"

"तुमाले शब्द देल्ला होता ना, बाबा. आन् सांगतलं असतं तं या पोलिसायनं उकरून काढलं असतं."

मुलाने फिर्याद मागे घेतली. डायरीत मी लिहिले, 'इसम पायरीवरून पडल्याने हातास दुखापत.' ते खोटे आहे.

मी पुष्कळ तपास केले. या तपासाने एवढेच शिकवले, की ज्याला विचारायला आपल्याला संकोच वाटतो त्याला आधी विचारावे. मालकाची तब्येत जपायची म्हणून मी त्याच्या नोकराची बोटे मोडली.

कुटुंब परदेशी गेले. माळ्याला पुन्हा कोणी बागेत उभे केले नाही. त्याला आणताना आम्ही दोरी लावून आठवडी बाजारातून चालवले होते. सोडले मात्र मागच्या दाराने, कोणी हात पाहू नये म्हणून. हा माणूस चोर नाही, हे त्याच बाजारात उभे राहून सांगायला हवे होते. ते काम माझे होते.