कंबरेचं मशीन मानेला

ग्रुपवरच्या सगळ्यांनी वाचा, विशेषतः परवा तो व्हिडिओ टाकणाऱ्यांनी.

आमच्या ह्यांच्या कानात दोन वर्षं सतत शिट्टी वाजते आहे. व्हिडिओत परदेशातले डॉक्टर मानेतल्या नसेला हलका करंट देतात आणि त्याच वेळी ठरावीक सूर ऐकवतात. त्याने मेंदू हळूहळू शिट्टीकडे लक्ष देईनासा होतो म्हणे.

आज दुपारी मी नरपडच्या वाडीतून घरी आले, तर ह्यांचे उधवा गावचे मित्र रमणभाई स्वतःचं कंबरदुखीचं करंटचं मशीन घेऊन बसलेले. ह्यांच्या मानेला पट्ट्या चिकटवलेल्या, कानात मोबाइलचे सूर, आणि रमणभाईंचं बोट बटणावर.

मी धावत जाऊन प्लगच उपटला.

"भाभी, एकदम धीमा ठेवलाय!"

"छातीत पेसमेकर आहे त्यांच्या!"

रमणभाईंचा चेहरा उतरला. ते ह्यांच्याकडे वळले. "अरे, मला बोलायचं ना तू!"

हे माझ्यावरच ओरडले, "तुझ्या कानात वाजत नाही ना! वाजलं असतं तर तूच बटण दाबलं असतंस."

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, उपचार खरा आहे, पण अजून संशोधनात आहे आणि त्याचं यंत्र वेगळं असतं. पेसमेकर असताना असा मानेला करंट लावणं जिवावर बेतू शकतं.

हे तेव्हापासून कानांवर हात ठेवून समोर बसलेत. आशा तुम्ही दाखवलीत, हिसकावून घेतली मी. आता त्यांना काय सांगू, तेही तुम्हीच सांगा.