डीपीपाशी समुद्र

पडेगावच्या माळावर मी रोज सकाळी फिरायला जातो. तिथं एक गृहस्थ भेटायचे. नाव मी कधी विचारलं नाही. ग्रीसमधल्या एका बेटावर निर्जन किनाऱ्यांकडं जाणाऱ्या पायवाटा त्यांनी मोबाइलवर बघून पाठ केल्या होत्या आणि त्या ते इथंच चालायचे. "ह्या बाभळीपासून उतार लागतो. जपून, रेती लई निसरडी हाय," असं मला बजावायचे. माळावर रेती नव्हती, तरी मी जपून उतरायचो. विजेच्या डीपीपाशी पोचले की ते मागं फिरत.

एकदा विचारलं, "का हो, पुढं काय आहे?"

"समुद्र."

"मग बघा की."

"एकट्यानं नाय बघायचा, असं घरी ठरलंय. मंडळींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. चालायला लागल्या की येऊ."

दिवाळीनंतर ते बायकोला घेऊन आले. काठी टेकत, बाभळीखाली दम खात त्या डीपीपर्यंत पोचल्या. तिथं त्यांनी चपला काढून नवऱ्याच्या हातात दिल्या आणि साडी घोट्याच्या वर उचलून धरली.

मी लांबून वळसा घालून गेलो. माझ्या पायात नवे बूट होते.