नाराला जायची तारीख

माझ्या घरच्या भिंतीवर एक पोस्टकार्ड लावलेलं आहे. त्यात काळ्या धातूचा एक प्रचंड बुद्ध बसला आहे आणि त्याच्यासमोर उभी असलेली माणसं मुंग्यांएवढी दिसतात. जपानात नारा म्हणून जुनं शहर आहे, तिथला हा बुद्ध. आमच्या पवनीला जुन्या स्तूपाची जागा पाहायला जपानचे भंते येत असतात. एका बुद्धपौर्णिमेला तसेच काही आले होते. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या भंतेंनी माझ्या हातची खीर दोनदा घेतली आणि जाताना हे कार्ड माझ्या हातात ठेवलं. त्यांचं बोलणं मला समजलं नाही, माझं त्यांना समजलं नाही. पण वाटी चाटूनपुसून साफ होती. त्याच दिवशी मी ठरवलं, या बुद्धाला जाऊन भेटायचं.

मी चौथी शिकलेला माणूस. पण एकदा ठरवलं की ठरवलं. लोक हसले. त्यांना हसू दिलं.

पुढं माझी लेक नर्सिंग शिकली आणि तीन वर्षांपूर्वी जपानलाच गेली. ओसाका नावाच्या शहरात म्हाताऱ्या लोकांच्या आश्रमात काम करते. तिथून नारा आगगाडीनं तासाभरात. मी हसणाऱ्या एकेकाला गाठून हे सांगितलं.

मागच्या दिवाळीत ती व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "बाबा, तुमी अन् आई एप्रिलात या. तवा झाडं फुलांनी भरून राहतात."

"फुलं पाहाले एवढ्या दूर कायले येऊ? इथं पळस काय कमी फुलते? मी येईन त पुनवेले. बुद्धपौर्णिमेले. त्या मोठ्या बुद्धासमोर बसून वंदना घेईन."

"मे महिन्यात मले सुट्टी भेटन का, पाहा लागन."

"पाहून घे," म्हणून मी फोन म्हातारीच्या हातात दिला. म्हातारी म्हणजे माझी बायको. तिनं विचारलं फक्त, "जेवली का वो?" आणि मग मायलेकी नुसत्या एकमेकींच्या तोंडाकडं पाहत बसल्या.

मी नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर वैशाखी पौर्णिमेला लाल पेन्सिलीनं गोल केला. पुढच्या रविवारी विहारात वंदना झाली तसा माईक हातात घेतला आणि जाहीर केलं, "येती बुद्धपौर्णिमा मी जपानात, नाराच्या मोठ्या बुद्धासमोर साजरी करणार आहे." टाळ्या पडल्या. बाया घरोघरून मेणबत्त्या घेऊन आल्या. "माह्या नावाची एक लावजो भाऊ," "माह्या नातवाच्या परीक्षेसाठी एक लावजो." पिशवी भरली.

एक गोष्ट मात्र मला थोडी लागली. आमच्या विहारात पुनवेची खीर मी करतो, आणि तीही किती वर्षांपासून ते मोजलेलं नाही. मोठा गंज म्हणजे पातेलं, चुलीवर दूध, धुतलेले तांदूळ, हातात लांब दांड्याचा सराटा, आणि पहाटेपासून ढवळणं. सराटा मी दुसऱ्याच्या हातात देत नाही. आता मी इथं नसणार, तर खिरीचं काय, असं कोणीतरी विचारेल असं वाटलं होतं. कोणी विचारलं नाही.

जानेवारीत आम्हा दोघांचे पासपोर्ट हातात आले. अर्जावर सही मी स्वतः केली, खालच्या आडव्या रेघेसकट. तिकिटं काढायची वेळ आली, तेव्हा लेकीचा फोन आला. ती जरा घाबरतच बोलत होती.

"बाबा, एक सांगू? रागवजा नोका. मी नाराले जाऊन विचारून आली. इथं बुद्धाचा जन्म पुनवेले नाही करत. आठ एप्रिलले करतात."

"कोण म्हणते?"

"तिथलेच भंते म्हणतात. दरसाल आठ एप्रिलच. बुद्धाची लहानशी मूर्ती फुलाच्या मांडवात ठेवतात अन् पळीनं तिच्यावर गोड चहा ओततात."

"चहा?"

"गोड पाल्याचा राहते तो. बिनदुधाचा."

"हे पाहा," मी म्हटलं, "बुद्धाचा जन्म वैशाख पुनवेचा. लहानपणापासून करून राहिलो. जपानवाल्याइनं तारीख चुकवली त मी काय करू?"

"पण बाबा, पुनवेले इथं काहीच नसते. अन् मले मे महिन्यात सुट्टी नाही भेटली. एप्रिलात आठ दिवस भेटून राहिले. मे मध्ये आले त तुमी दोघं दिवसभर खोलीत बसान, अन् मी रात्री थकून येईन."

"बसू. नारा आमचं आमी शोधू."

मी फोन ठेवला. माईकवर बोललेला शब्द होता. पिशवीभर मेणबत्त्या पुनवेच्या नावानं घेतल्या होत्या. आता लोकांना काय सांगू, की बुद्ध तोच पण तारीख दुसरी?

म्हातारी कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. मला वाटलं तिनं ऐकलं नसेल. तिनं सूप खाली ठेवलं.

"तुमाले पुनव पायजे," ती म्हणाली. "मले पोरगी पायजे. तीन वर्षं झाले, तिच्या डोक्याले तेल नाही लावलं म्या."

एवढंच. भांडली असती तर मी जिंकलो असतो, भांडणात मी हरत नाही. पण ती पुन्हा सूप घेऊन बसली. नंतर तीन दिवस माझ्याशी "जेवा" आणि "पाणी तापलं" याच्यापलीकडं बोलली नाही. मी कॅलेंडर पाहायचो, मग कार्ड पाहायचो. कार्डातला बुद्ध एक हात वर करून बसला आहे. इतकी वर्षं तो मला 'ये' म्हणतो असं वाटायचं. आता वाटू लागलं, तो 'पुरे' म्हणतो.

रविवारी विहारात मी पुन्हा माईक मागितला. शब्द मागं घ्यायची सवय नाही, त्यामुळं आधी माईक दोनदा ठोकून पाहिला.

"मी पुनवेचं बोललो होतो," मी म्हटलं. "चूक झाली. तिथं आठ एप्रिलले करतात. मी तवा जातो. तुमच्या मेणबत्त्या तवाच लावीन. कोणाले चालत नसन त आपली वापस घेऊन जा."

पुढच्या रांगेत माझ्या शेजारचा म्हातारा बसतो. लहानपणापासून माझ्या खोड्या काढणारा. तो उठला.

"अगा, मंग पुनवेले तू इथंच?"

"इथंच."

"खीर तूच करशीन?"

"मंग कोण करन?"

सगळा विहार एकदम हसला. टाळ्या पहिल्यापेक्षा जास्त. मला काही समजेना. मग एका बाईनं सांगितलं, माझ्या पाठीमागं या लोकांनी खिरीची तालीम केली होती. खीर गंजाच्या बुडाला लागून करपली, आणि दोन दिवस राखेनं घासूनही काळा डाग निघाला नाही. ते मला सांगायची हिंमत कोणाची नव्हती.

"करपली त करपली," म्हातारा म्हणाला, "वरून साखर टाकाले विसरले! कुत्र्यानंबी तोंड फिरवलं गा!"

मेणबत्ती कोणीच परत नेली नाही. उलट तिघी-चौघींनी आणखी आणल्या. एकीनं विचारलं, "तो चहा वतते म्हणते, तो पाच-सहा थेंब बाटलीत आणता येते का?"

घरी आलो. म्हातारीला काही सांगावं लागलं नाही, माझ्या आधी बातमी पोचली होती. ती पाटावर बसून भिवापुरी मिरचीचं तिखट डब्यात दाबून भरत होती, लेकीसाठी. वर न पाहता म्हणाली, "च्या ठेवू का?"

आता सगळं ठरलं आहे. चार एप्रिलला निघायचं, बाराला परत. तेराला मी पवनीत पाहिजे, कारण चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत पुढचा निळा झेंडा मीच धरतो. त्यात बदल नाही, हे लेकीला तीनदा सांगितलं आहे. म्हातारीनं तेलाची बाटली आतापासूनच कपड्यात गुंडाळून ठेवली आहे.

लेकीला मी म्हटलं, "आठ तारखेले सकाळी तुह्या खोलीवर खीर करीन."

ती हसून हसून लोळली. "बाबा, माह्या घरी एकच लहान गंज आहे. तुमाले शंभर माणसाच्या खाली खीर जमते का?"

हे मला लागलं. म्हणून काल सकाळी घरच्या चुलीवर तीन माणसांची खीर करायला बसलो. मूठभर तांदूळ, लोटाभर दूध. सराटा गंजात मावेना, चमचा घेतला. साखर आपल्या हातानं, अंदाजानं टाकली. हाताला अंदाज शंभर माणसांचा.

म्हातारीनं एक घोट घेतला, डोळे मिटले आणि हसत सुटली. "बाप्पा! हे खीर होय का पाक होय?"

"बरोबर आहे," मी म्हटलं. चूक झाली असं एका वर्षात दोनदा म्हणायचा माझा रिवाज नाही. पण आज सकाळी पुन्हा चुलीपाशी बसलो, आणि साखर तिला विचारून टाकली.