बन्सीतात्यांचं कार्ड

शेतात हरळी दिसली की आमच्याकडचा माणूस कुदळ शोधतो. बन्सीतात्या पाणी शोधायचे. घरामागे दोन खाटा मावतील एवढ्या जागेत त्यांनी मुद्दाम हरळी लावली होती. ती ते उकिडवे बसून कात्रीने कापायचे आणि तिच्यावर चप्पल घालून कुणाला पाऊल ठेवू द्यायचे नाहीत. "हरळी काढू काढू आमच्या कंबरा मोडल्या, अन् हे बाबा हरळी लावतंय," असं म्हणून गाव हसायचं. तात्याही हसायचे. "तुमची दुश्मन हाय, माझी भाकर हाय," म्हणायचे.

ते खोटं नव्हतं. तात्या व्यावसायिक गोल्फर होते. तलवाड्याजवळच्या आमच्या गावातून असा माणूस निघाला यावर बाहेरचे लोक विश्वास ठेवत नाहीत, आणि गावातल्यांनाही तो खेळ शेवटपर्यंत कळला नाही. बहात्तरच्या दुष्काळात त्यांचे आईवडील पुण्याकडे खडी फोडायला गेले. तात्या तेव्हा दहा-बारा वर्षांचे. रस्त्याच्या कडेला कुंपण आणि कुंपणाआड गोल्फचं मैदान. "साऱ्या मुलखात गवताची काडी न्हाई, अन् इथं गवतावर माणसं हिंडत्यात, गुरं न्हाईत. म्हनलं, बघू तरी काय भानगड हाय." बघायला गेले ते खेळणाऱ्यांच्या पिशव्या उचलायला राहिले. एका मोडक्या काठीला सायकलची ट्यूब गुंडाळून, अनवाणी खेळ शिकले. पुढे वीसेक वर्षं कोलकाता, दिल्ली, बंगळूर असे स्पर्धा खेळत फिरले, रेल्वेच्या जनरल डब्यात काठ्यांची पिशवी मांडीवर घेऊन. वडील गेल्यावर रान बघायला गावी परत आले.

मी गावच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी. संध्याकाळचं दूध घालून झालं की तात्या सोसायटीच्या ओट्यावर टेकायचे. एकदा मी त्यांना सरळच विचारलं, "तात्या, जिंकलात का हो कधी?"

"न्हाई. एकदा जिंकत आलतो."

गोल्फात कमीत कमी फटक्यांत चेंडू खड्ड्यांत घालेल तो जिंकतो. शेवटच्या खड्ड्याला ते एका फटक्याने पुढे होते. चेंडू उंच गवतात पडलेला. त्यांनी काठी त्याच्यामागे टेकवली आणि चेंडू ज्वारीच्या दाण्याएवढा हलला. काठी लागून चेंडू हलला की एक फटका दंड. कुणी पाहिलं नव्हतं. तात्यांनी हात वर करून पंचाला बोलावलं. "एक फटका गेला सांगून, दुसरा गेला नेम चुकून. एकानं हरलो."

"कावून सांगितलं मग?"

"मला दिसलं की बे," तात्या म्हणाले, आणि तंबाखू मळायला लागले.

त्याच दिवशी त्यांनी मला कार्डाची रीत सांगितली. गोल्फात आपले फटके आपण लिहायचे नसतात. जोडीदार आपले लिहितो, आपण त्याचे. शेवटी आपलं कार्ड तपासून आपण सही करायची. त्यावर एक जरी फटका कमी निघाला आणि सही झालेली असली, तर खेळाडू स्पर्धेतूनच बाद. मला ती रीत फार संशयी वाटली. तात्यांना ती फार सोयीची वाटायची.

मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला. तळं आटलं, विहिरींचे तळ दिसले. सोसायटीने जनावरांसाठी टँकर लावला. हौद एक आणि गल्ल्या दोन, वरची आणि खालची. प्रत्येक गल्लीला वाटायचं, दुसरी जास्त पाणी नेते. आठवड्यात दोन डोकी फुटली. चेअरमननी टँकर बंद करायची धमकी दिली. बंद झाला असता तर निम्मी गुरं बाजारात गेली असती. त्या बैठकीत तात्या उठले.

"आपला आकडा आपुन लिवायचा न्हाई. वरच्या गल्लीचा खालच्यानं लिवायचा, खालच्याचा वरच्यानं. सांजच्याला घरधन्यानं बघून सही करायची."

"ह्यो काय गोल्फ हाय का तात्या?"

"गोल्फात नुसता बॉल असतो. हितं जित्राब हाय."

लोकांनी हसत हसत कबूल केलं, दुसरा काही उपाय नव्हताच. मी वरच्या गल्लीचा, म्हणून खालच्या गल्लीची वही माझ्याकडे आली. तात्यांचं घर खालच्या गल्लीत, हौदाला लागूनच. पंधरा दिवस भांडण म्हणून झालं नाही.

टँकर सुरू झाला त्या दिवसापासून तात्यांनी हरळीला पाणी दाखवलं नव्हतं. त्यांना पन्नाशीपुढच्यांच्या एका स्पर्धेला जायचं होतं, हलक्या फटक्याचा सारा सराव त्या तुकड्यावर. ते आटलेल्या तळ्यात जाऊन तडकलेल्या गाळावर चेंडू ढकलत बसायचे. हरळी वाळून कडब्याच्या रंगाची झाली.

एका दुपारी राधाकाकूंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोने, आपल्या वाटणीच्या चार घागरी नेल्या आणि इकडेतिकडे बघून पाचवी भरली. हौदावरून त्यांचं परसदार दिसतं. काकूंनी ती हरळीवर ओतली. मी मान खाली घालून वहीत चार लिहिलं. तात्यांसारख्या माणसासाठी एक घागर काही जास्त नाही, असं मी मनाशी म्हटलं.

संध्याकाळी तात्या सहीला आले. ओली हरळी त्यांनी पाहिली असणार. वहीतला चार बघितला, पेन खाली ठेवलं आणि हौदावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्या घरी एक घागर जादा आली. हरळीवर वतली. दोन दिस माझी पाळी बंद."

"म्हंजे गवतालाच पाणी चाललं व्हतं तर!" वरच्या गल्लीतला एक जण ओरडला. तात्यांनी ते ऐकून घेतलं. काकू दारात रडत होत्या. "तुमच्यासाठीच वतलं जी." तात्या म्हणाले, "म्हाईत हाय."

दोन दिवस त्यांनी म्हैस आणि रेडकू तीन कोसांवर, गोदावरीच्या एका डोहाला चालवत नेलं. दुसऱ्या दिवशी मीही बरोबर गेलो. निम्म्या वाटेवर त्यांनी विचारलं,

"तुला दिसलं व्हतं?"

"दिसलं होतं."

"मग चार कावून लिवलं?"

"तुमच्यासाठी, तात्या."

"मी सही केली असती तर बाद झालो असतो. तुझ्या काकूला कार्ड म्हाईत न्हाई. तुला व्हतं."

ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. मला इतकी लाज वाटली की परत येईपर्यंत मी त्यांच्या पुढे चाललो नाही. पण त्यानंतर पाऊस पडेपर्यंत टँकर एक दिवस बंद पडला नाही. तो ओरडणारा गडीसुद्धा एकदा स्वतःहून सांगायला आला, बायकोनं एक घागर जादा आणली म्हणून. तात्या त्या वर्षी स्पर्धेला जाऊन आले, अकरावे आले.

पुढे तात्या वारले तेव्हा गावातल्या पोरांनी स्टँडवर मोठा फ्लेक्स लावला. तात्यांचा हसरा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत 'राष्ट्रीय गोल्फ विजेते'. पोरांनी प्रेमानंच लावलं होतं. मी म्हणालो, हे बदलावं लागेल.

"सेक्रेटरी, आता कोन बघतंय?"

"मला दिसलं की," मी म्हणालो.

मी तो फ्लेक्स उतरवून घेतला आणि गेवराईला जाऊन दुसरा छापून आणला. बन्सीतात्या, व्यावसायिक गोल्फर, दुसरा क्रमांक. तपासून सही करायला तात्या नव्हते. आकडा मात्र या खेपेला मी बरोबर लिहिला होता.