डबीतला ब्लॉक

सतरा जानेवारी, शुक्रवार. नागपूरच्या लॅबच्या खिडकीपाशी हजर: दादा, वहिनी, मी म्हणजे दादाची धाकटी बहीण, आणि दादाची खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, डबी.

दादाच्या डाव्या गालातली गाठ यवतमाळला काढली, त्याला तीन आठवडे झाले होते. गाठीचा तुकडा मेणात बसवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. त्यातली प्रथिनं तपासली की रोग किती चिवट आहे याचा अंदाज येतो, म्हणून ब्लॉक नागपूरला पोचवायचा होता. माझ्या कामांच्या यादीत तो पहिला होता. यवतमाळच्या लॅबने दिलेल्या पिशवीत तो एसटीत दबेल, म्हणून दादाने परस्पर डबीत ठेवला. डबी तीनदा धुतली होती म्हणे.

खिडकीतल्या बाईंनी डबी उघडली, नाकापासून लांब धरली. "यात काय होतं?"

"आता काही नाही," दादा म्हणाला.

"गाठ गालातून काढली," वहिनी म्हणाली, "अन् पुन्हा खर्र्यातच नेऊन ठेवली. करमत नसंन तिले."

ब्लॉकवरचा नंबर शाबूत होता. बाईंनी तो ठेवून घेतला. डबी वहिनीने तिथल्याच कचरापेटीत टाकली. दादा पेटीकडे बघत राहिला. मी यादीत खूण केली.

बारा दिवसांनी रिपोर्ट घेऊन आम्ही तिघं यवतमाळला डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "पेशी वेगाने वाढतात तेव्हा दिसणारं प्रथिन यात बरंच जास्त आहे. रोग परत येण्याची शक्यता थोडी अधिक धरायची. हा अंदाज आहे, निकाल नाही. रेडिएशनचे शेक वेळेवर घ्या, आणि दर महिन्याला दाखवा."

वहिनीने पदर तोंडाला लावला.

दादाचा प्रश्न तयार होता. "साहेब, औंदा वावर मी पेरू का मक्त्यानं देऊ? पाडव्याच्या आत मक्तेदाराले सांगा लागते, वर्षाचं भाडं तवाच ठरते."

डॉक्टरांनी रिपोर्ट उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. "हे प्रथिन तेवढं सांगत नाही."

"मंग कोणतं सांगते? तेही तपासून टाका."

गावाकडे परतताना ढाणकीच्या गाडीत मी यादी काढली. शेकाची तारीख घेतली. रिपोर्टच्या दोन झेरॉक्स झाल्या. ब्लॉक परत आणून यवतमाळच्या लॅबमध्ये पिशवीतूनच जमा केला. शेवटची ओळ दादाने सांगून लिहवून घेतली होती: मक्तेदाराला निरोप देणे.

"काय निरोप देऊ?" मी विचारलं.

"मीच पेरतो म्हण. पण पेन नको," दादा म्हणाला. "पेन्सिलीनं लिही."

पेन्सिलीने लिहिलं. आता मार्च सरत आला, पाडव्याला नऊ दिवस आहेत, आणि त्या ओळीपुढे अजून खूण नाही.